खरा निकाल १-०, ७-०. मग पडद्यावर शेवटच्या सेकंदाचा थरार कशाला?

सरळरेघ
माझी भाची कुस्ती शिकते. 'दंगल' तिने इतक्या वेळा पाहिलाय की संवाद तोंडपाठ आहेत. परवा तिला २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतल्या ५५ किलो गटाच्या अंतिम लढतीचा खरा निकाल दाखवला. गीता फोगटने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला सरळ दोन फेऱ्यांत हरवलं होतं, १-० आणि ७-०. पोरगी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे शेवटी तिला बाबांची आठवण काढावी लागलीच नव्हती?"

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. चित्रपटात गीता हरायला आलेली असते. वडिलांना कुणीतरी खोलीत कोंडून ठेवलेलं असतं. लहानपणी त्यांनी सांगितलेलं तिला आठवतं आणि अगदी शेवटी ती पाच गुणांचा डाव टाकते. प्रत्यक्षात वडिलांना कुणी कोंडलं नव्हतं आणि गीताने प्रतिस्पर्ध्याला एकही गुण घेऊ दिला नव्हता. मला खटकतं ते हे: बदल फक्त थरारासाठी झाला असता तर समजू शकले असते, पण त्या बदलात विजयाचं श्रेयच मुलीकडून बापाकडे सरकलं. आणि राष्ट्रीय प्रशिक्षक खलनायक झाला. पात्राला वेगळं नाव दिलं म्हणून काय झालं? तेव्हा त्या पदावर कोण होतं हे शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्या प्रशिक्षकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती, ती किती जणांपर्यंत पोचली?

चार वर्षं दहा मिनिटांत दाखवा, तीन मैत्रिणींची मिळून एक करा, हरकत नाही. पण निकालाला आणि हयात माणसांच्या चारित्र्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

रीळवेडा
ठाम असहमत. निकाल कुठेही पुसला गेलेला नाही, तो नोंदीत आहे आणि कायम राहील. चित्रपटाचं काम वेगळं आहे. खेळाडूच्या आत काय चाललं होतं ते गुणफलकावर दिसत नाही, ते दाखवायला काहीतरी रचावंच लागतं.

मिल्खासिंगांचं घ्या. १९६०, रोम, ४०० मीटर. कांस्यपदक ४५.५ सेकंदांना गेलं, मिल्खा ४५.६ला चौथे. आपण वेग कमी केला, वळून पाहिलं, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं. का पाहिलं, याचं उत्तर 'भाग मिल्खा भाग' या चित्रपटाने फाळणीत दिलं. तेवढ्या क्षणात त्यांच्या मनात खरंच तेच आलं होतं का, कुणी सिद्ध करू शकत नाही. पण आईवडिलांची हत्या झालेला मुलगा आयुष्यभर पळत राहिला, हे तर खोटं नाही ना? त्या एका वळून पाहण्यात सगळं आयुष्य बसवलं, याला मी खोटेपणा म्हणणार नाही.

दुसरं, १८ जून १९८३. टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ आणि तिथून कपिल देव नाबाद १७५. त्या सामन्याचं चित्रणच उपलब्ध नाही. '८३' आला आणि आपल्याला ती खेळी डोळ्यांनी पाहता आली. माझे वडील रडले. ते अश्रू खोटे होते का?

सरळरेघ
अश्रू खरेच. पण रीळवेडा, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ५ बाद १७ वरून १७५! तिथे कुणाला काही वाढवावं लागलंच नाही. आणि मूळ चित्रणच नाही म्हटल्यावर जबाबदारी दुप्पट होते, कारण पुढच्या पिढीला तो सामना म्हणजे तो चित्रपटच.

आता 'गोल्ड' बघा. १२ ऑगस्ट १९४८, लंडन ऑलिंपिक, हॉकीचा अंतिम सामना. स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस कमी. वेम्बलीवर, ब्रिटनच्या घरात, ब्रिटनला ४-० हरवलं. बलबीरसिंगांचे त्यातले दोन गोल. पडद्यावर तो सामना ४-३ झाला. जे काल राज्य करत होते त्यांना एकही गोल करू दिला नाही, यातली ताकद ४-३ मध्ये कुठून येणार? थरारापायी त्या संघाचे तीन गोल आपण देऊन टाकले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुक्तछंद
दोघांचं वाचतेय. 'गोल्ड'मध्ये खेळाडूंची नावं बदललेली होती, तेवढा प्रामाणिकपणा धरायला हवा. 'चक दे'ने तर नावं, संघ, स्पर्धा सगळंच काल्पनिक ठेवलं, म्हणून त्याला कुणी हिशेब विचारत नाही. तो मार्ग सगळ्यांना मोकळा आहे.

मला जास्त अस्वस्थ करतं ते 'सिंड्रेला मॅन'चं उदाहरण. १९३५मध्ये जिम ब्रॅडकने मॅक्स बेअरला हरवून मुष्टियुद्धातलं हेवीवेट विजेतेपद मिळवलं, त्याची गोष्ट. १९३०मध्ये बेअरशी लढल्यानंतर फ्रँकी कॅम्पबेल दगावला होता. चित्रपटातला बेअर त्या मृत्यूचीही शेखी मिरवतो. खऱ्या बेअरला तो प्रसंग छळत राहिला, कॅम्पबेलच्या कुटुंबाला त्याने आर्थिक मदत केली. चित्रपट आला २००५ला, बेअर गेला १९५९ला. तक्रार केली ती त्याच्या मुलाने. म्हणून सरळरेघ, "हयात माणसांच्या" हा तुमचा शब्द मला अपुरा वाटतो. मेलेला माणूस तर खुलासाही करू शकत नाही.

आणि न सांगण्याचं काय? धोनीवरच्या चित्रपटात त्याचा थोरला भाऊच नाही. खेळाडूचे निकटवर्तीय निर्माते असले की गैरसोयीचं सगळं गळतं. तिथे निकाल अचूक असतात, तरी माणूस अर्धाच दिसतो.

रीळवेडा
बेअरच्या बाबतीत मान्य. ते वाचून वाईट वाटलं. तिथे चित्रपटकारांनी अन्याय केला. पण गाळण्याला मी दोष देणार नाही. घरातल्या एखाद्याला पडद्यावर यायचंच नसेल तर? आपल्याला कारण माहीत नाही आणि ते विचारायचा हक्कही नाही.

गीताच्या लढतीबद्दल मात्र मी हलणार नाही. ७-० दाखवलं असतं तर चित्रपटगृहात कुणी श्वास रोखला असता? एकतर्फी लढत बघायला लोक अडीच तास बसत नाहीत. आणि तो चित्रपट पाहून ज्या मुली आखाड्यात उतरल्या, त्यात तुमची भाचीही असेल.

आखाडा
मी त्याच नियमांत कुस्ती खेळलेय, म्हणून लिहिते. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असायच्या, दोन जिंकेल तो विजयी. पहिल्या फेरीचे गुण दुसरीत धरत नसत.

आता १-० म्हणजे काय ते सांगते. सगळी फेरी एका गुणावर लटकलेली असते. समोरचीने एकदा पाय धरला, एक पाऊल रिंगणाबाहेर पडलं, तर फेरी हातची गेली. मनगटं पकडून दोघी एकमेकींना ढकलत असतात. मान भरून येते. घामाने पकड सुटते आणि घड्याळ पुढे सरकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. आत बाई गुदमरत असते. ती फेरी जिंकून, तीस सेकंद दम घेऊन, पुढच्या फेरीत ७-०. तेव्हा सहा गुणांची आघाडी झाली की फेरी तिथेच थांबवत. म्हणजे तिने समोरचीला घड्याळ संपेपर्यंतही उभं राहू दिलं नाही.

रीळवेडा, याला एकतर्फी म्हणू नका. पहिल्या फेरीत कॅमेरा त्या दोघींच्या हातांवर दोन मिनिटं ठेवला असता ना, तर श्वास रोखला गेलाच असता. सरळरेघ, भाचीला ती १-० वाली फेरी समजावून सांगा. हवं तर मी तिच्याशी बोलते.