दिवाळी अंकाचे संपादन वर्डऐवजी मार्कडाउनमध्ये करावे का?

धागाकर्ता, दादर
यंदा आमच्या दिवाळी अंकात एका कथेचा जुनाच शेवट छापला गेला. लेखिकेने बदललेला शेवट एका वर्ड फाइलमध्ये होता, मुद्रितशोधनातील दुरुस्त्या दुसरीत होत्या आणि पाने लावली गेली ती तिसरीवरून. तिन्हींच्या नावात 'अंतिम' हा शब्द होता. म्हणून पुढील अंकाचे सर्व संपादन मार्कडाउनमध्ये करावे आणि प्रत्येक लेखाची एकच फाइल गिट या साधनात ठेवावी, असे माझे मत आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेल्या मार्कडाउन या लेखनपद्धतीत शीर्षकापुढे हॅशचे चिन्ह, तिरप्या शब्दाभोवती तारका अशा मोजक्या खुणा असतात. बाकी सगळा साधा मजकूर. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद गिट ठेवते. शिवाय युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतपद्धती वापरात येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आपले जुने अंक, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आज वाचता येत नाहीत. साध्या मजकुरावर ही पाळी येणार नाही.

मांडणीकार, गिरगाव
शेवटचा मुद्दा गैरलागू आहे. तो प्रश्न युनिकोडने सोडवला, मार्कडाउनने नव्हे. तीन 'अंतिम' फाइली हा तर शिस्तीचा दोष आहे.

माझी खरी हरकत मराठीच्या बाजूने आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. नियतकालिकाचे नाव तिरपे आणि त्याला जोडलेले 'मध्ये' सरळ हवे असेल, तर तारकेऐवजी वापरली जाणारी अधोरेषेची खूण कॉमनमार्क, म्हणजे मार्कडाउनची प्रमाणित नियमावली, मानतच नाही. तारका चालतात, पण तारकांच्या आत अवतरणचिन्हे असतील आणि पुढे लगेच प्रत्यय आला, तर कॉमनमार्कच्या नियमानुसार त्याही फसतात. देवनागरी अंकांनी केलेली क्रमवारी त्याला यादी वाटत नाही. कवितेचे तर विचारूच नका: ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा किंवा उलटी तिरपी रेघ नसेल, तर दोन ओळी एकमेकींना जोडल्या जातात, आणि मोकळ्या जागा मुद्रितशोधकाला दिसणार कशा?

मुद्रितशोधक, गोरेगाव
आमचे बरेच लेखक आजही हाताने लिहून देतात आणि उरलेल्यांना समासातील रंगीत शेरे हवे असतात. त्यांना या खुणा शिकवण्याचे काम मी घेणार नाही.

धागाकर्ता
लेखकांनी काही शिकावे असे मी म्हटलेलेच नाही. त्यांनी वर्ड फाइल पाठवावी. पॅनडॉक हे मोफत साधन तिचे मार्कडाउन करून देते आणि तसा पर्याय निवडल्यास वर्डमधील दुरुस्त्या व शेरेही राखते. गिट ओळीगणिक फरक दाखवते, त्यामुळे एका ओळीत एकच वाक्य लिहिण्याचा नियम केला, की बदललेले वाक्य नेमके सापडते. अवतरणचिन्हे तारकांच्या बाहेर ठेवली तर प्रत्ययाची अडचण उरत नाही. कवितेबाबतचे म्हणणे मात्र मान्य आहे. कविता वर्डमध्येच राहू द्याव्यात.

मांडणीकार
पॅनडॉक आयसीएमएल फाइल देते आणि ती इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येते, हे मी करून पाहिले आहे. अडचण त्यानंतरची आहे. पाने लागल्यावर शेवटच्या वाचनात निघणाऱ्या दुरुस्त्या मी थेट पानावरच करतो; त्या कोणी मूळ फाइलमध्ये परत नोंदवल्या नाहीत, तर तुमच्या गिटमध्येही जुनाच शेवट उरेल. हे काम कोणाचे?

मुद्रितशोधक, गोरेगाव
ते माझ्याकडे येणार असेल, तर मानधन आधी ठरवावे.