दर सारखे झाले, पण संगनमत केलं कोणी?

पावणेबारा (धागाकर्ता)
दोन व्यापाऱ्यांनी गुपचूप बसून भाव ठरवले तर पकडता येतात. चिठ्ठी सापडते, ईमेल सापडतो, नाहीतर त्यांच्यातलाच एक फुटतो. 2015 साली अमेरिकेत ॲमेझॉनवर पोस्टर विकणाऱ्या एकावर असाच खटला झाला. त्याने नि प्रतिस्पर्ध्यांनी दर सॉफ्टवेअरने जुळवले होते, पण जुळवायचे हे माणसांनीच आधी ठरवलं होतं. तिथे हत्यार नवं असलं तरी गुन्हा जुनाच होता.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कोणी कोणाशी बोललंच नाही, प्रत्येकाने आपापल्या सॉफ्टवेअरला फक्त 'नफा वाढव' सांगितलं, आणि सगळी सॉफ्टवेअरं आपणहून चढ्या दरावर येऊन थांबली तर? इटलीतले अर्थतज्ज्ञ काल्वानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर हेच करून पाहिलं. 2020 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकाने दर पाडला की दुसराही पाडायचा, पहिल्याचा फायदा धुऊन निघायचा, आणि मग दोघं हळूहळू पुन्हा वर चढायचे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की 'करार झाला का?' एवढंच विचारणारा कायदा इथे तोकडा पडतो. सॉफ्टवेअर कसं वागतं ते तपासायचा अधिकार स्पर्धा आयोगाला हवा.

कोडकर
दर ठरवणारी सॉफ्टवेअरं लिहिणं हाच माझा धंदा, तेव्हा हवं तर पक्षपाती म्हणा. पण त्या प्रयोगात मुख्यतः दोनच विक्रेते होते, दोघांकडे एकच अल्गोरिदम, गिऱ्हाइकांची आवड ठरलेली, आणि शिकायला लाखो फेऱ्या. खऱ्या बाजारात आज नवा विक्रेता येतो, उद्या माल संपतो, परवा सणाची गर्दी. एवढ्या शांतपणे शिकायला तिथे वेळ कोणाला आहे?

आणि या यंत्रांची हुशारी 2011 साली ॲमेझॉनवर दिसली होतीच. माश्यांच्या जीवशास्त्रावरचं एक पुस्तक. एक विक्रेता आपला दर दुसऱ्याच्या 0.9983 पट ठेवत होता, दुसरा पहिल्याच्या सुमारे 1.27 पट. कोणाचंच लक्ष नव्हतं. दर 2 कोटी 36 लाख डॉलरच्या पुढे गेला! यात कट शोधणार असाल तर शुभेच्छा.

राईनकाठ
कोडकर, तुम्ही मागता तसा खरा बाजार मी राहते त्या जर्मनीत आहे. 2013 पासून इथल्या पेट्रोल पंपांना प्रत्येक दरबदल स्पर्धा नियामकाच्या कक्षाला कळवावा लागतो. हेतू हा की ॲपवर बघून लोकांनी स्वस्त पंप निवडावा. हेतू चांगलाच. पण तीच माहिती शेजारच्या पंपाच्या सॉफ्टवेअरलाही आयती मिळते, हे कोणी बोलत नाही.

2017 च्या सुमारास स्वतः शिकणारी सॉफ्टवेअरं पंपांवर आली आणि अभ्यासकांनी नफ्याचे आकडे तपासले. आसपास दुसरा पंपच नाही अशा ठिकाणी नफा वाढला नाही. दोन पंप असतील तिथे एकानेच सॉफ्टवेअर घेतलं तरी वाढला नाही. दोघांनीही घेतलं तिथे वाढला, आणि तोही लगेच नाही, साधारण वर्षभराने. सॉफ्टवेअरमुळे नुसता खर्च वाचला किंवा मागणीचा अंदाज सुधारला असता, तर एकट्या पंपाचाही नफा वाढायला हवा होता ना?

गंपूशेठ
आपल्याकडे पंपांचे दर सारखे ठेवायला सॉफ्टवेअर लागत नाही हो, तीन सरकारी कंपन्या पुरतात. चालू द्या.

कोडकर
राईनकाठ, त्या अभ्यासातली मेख सांगितली नाहीत. कोणत्या पंपाने सॉफ्टवेअर घेतलं याची यादी त्यांच्याकडे नव्हतीच. दर किती वेळा आणि किती झपाट्याने बदलतात यावरून त्यांनी ओळखलं. अशा अंदाजावर कोणाला दंड करणार?

राईनकाठ
अंदाज चुकला तर सॉफ्टवेअरवाले आणि बिनसॉफ्टवेअरवाले एकमेकांत मिसळतात, आणि मग फरक पुसट व्हायला हवा. इथे तो उठून दिसतो. दंड करा असं मी म्हणतही नाही, तपासा म्हणते.

वकीलवाडी
दोन वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ होते आहे. पावणेबारा म्हणतात ती आपोआपची जुळवणी कोर्टात टिकणं महाकठीण. पण सगळे प्रतिस्पर्धी एकाच मध्यस्थाचं सॉफ्टवेअर वापरतात तेव्हा प्रकरण बदलतं. अमेरिकी सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये रियलपेज या सॉफ्टवेअर कंपनीवर खटला भरला तो यासाठीच. घरमालक आपल्या भाड्यांची बाहेर न सांगितलेली माहिती त्या कंपनीला देत आणि ती सगळ्यांना भाडं सुचवत असे, असा आरोप होता.

युरोपात तर लिथुआनियाच्या प्रवासी एजंटांना त्यांच्या सामायिक बुकिंग प्रणालीतला एक संदेश भोवला. सवलत 3 टक्क्यांपेक्षा जास्त देता येणार नाही, असं त्यात होतं. युरोपीय न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की संदेश माहीत असून जो गप्प राहिला, तो सामील मानला जाऊ शकतो.

आपल्याकडे ओला-उबरविरुद्ध चालकांच्या भाड्यांवरून हाच मुद्दा आला होता. चालकांमध्ये आपसात काही ठरल्याचं दिसत नाही, म्हणून स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये तक्रार बंद केली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये ते कायम ठेवलं. पुढे 2023 च्या दुरुस्तीने, स्वतः त्या धंद्यात नसलेला मध्यस्थही कटात धरता येऊ लागला. पण कट आधी दाखवावा लागतोच. माझ्या मते तो लागावाच. नाहीतर दर वाढवणारा प्रत्येक जण आरोपी.

पावणेबारा
वकीलसाहेब, अडचण तिथेच तर आहे. शेजाऱ्याचा दर बघून आपला लावणं गुन्हा नाही, मान्य. पण पूर्वी दर पाडणाऱ्याला निदान दिवसभर जास्तीचं गिऱ्हाईक मिळायचं, त्या लोभाने तो पाडायचा. आता शेजारचं सॉफ्टवेअर मिनिटांत तेवढाच दर लावतं. गिऱ्हाईक वळायच्या आत फायदा संपतो. मग आधी दर पाडेल कोण? करार नसून गिऱ्हाइकाच्या खिशाला तीच झळ बसते.

राईनकाठ
मग वेगावरच बोट ठेवा. 2011 मध्ये ऑस्ट्रियाने नियम केला की पंपाने दर वाढवायचा तो दिवसातून एकदाच, दुपारी बाराला. कमी हवा तेव्हा करा. असा नियम पाळला की मोडला हे बघायला अल्गोरिदम उघडावा लागत नाही, कोणाच्या मनात काय होतं हेही शोधावं लागत नाही.

कोडकर
आणि सगळ्यांना दर वाढवायची एकच वेळ ठरवून द्या! पश्चिम ऑस्ट्रेलियात पंपाने आजच उद्याचा दर सरकारला कळवायचा आणि तो चोवीस तास बदलायचा नाही, असा नियम आहे. पर्थमध्ये त्याच नियमाखाली बीपी या तेल कंपनीच्या मागोमाग बाकीच्या कंपन्या दर गुरुवारी दर चढवायला शिकल्या. सॉफ्टवेअर नव्हतं, माणसंच होती. तुमच्या नियमाने त्यांचं काम सोपंच झालं.

राईनकाठ
शिकल्या, पण त्यांना कित्येक वर्षं लागली. इथल्या पंपांना एक पुरलं.