सरासरी आयुष्य वेगळं, कमाल आयुष्य वेगळं

वर एकांनी लिहिलंय की शंभर वर्षांपूर्वी लोक तिशीतच जायचे, आता सत्तरी गाठतात, म्हणजे माणसाची आयुर्मर्यादाच वाढली. इथे सरमिसळ होतेय. तेव्हाची सरासरी खाली ओढली होती ती बालमृत्यूंनी आणि साथींनी. त्यातून तगलेले ऐंशी-नव्वदीचे म्हातारे तेव्हाही होतेच. कमाल मर्यादेचं म्हणाल, तर फ्रान्सच्या जान काल्माँ १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन वारल्या. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

'प्राणी मोठा तितका दीर्घायुषी' हे ढोबळमानाने खरं, पण वटवाघळं त्यात बसत नाहीत. सायबेरियात खुणेची कडी घातलेलं ब्रँडटचं वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं. वजन जेमतेम ७ ग्रॅम! त्याहून वजनदार असलेला घरातला उंदीर फार तर तीन-चार वर्षं जगतो. उडता येणारा जीव सहजासहजी शिकार होत नाही, म्हणून शरीराची डागडुजी दीर्घकाळ करत राहणं उत्क्रांतीत फायद्याचं ठरलं असावं.

मला सगळ्यात थक्क करतो तो ग्रीनलँड शार्क. त्याच्या डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. २०१६ मध्ये त्यातल्या कार्बन-१४ वरून (हा किरणोत्सर्गी कार्बन काळाच्या ओघात ठरावीक वेगाने घटत जातो) एका पाच मीटर लांब मादीचं वय ३९२ वर्षं निघालं. १२० वर्षं इकडे-तिकडे धरली तरी किमान २७२. या माद्या वयात येतात त्याच साधारण दीडशेव्या वर्षी. दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात अशी एक मेली, तर तिची जागा भरायला दीड शतक लागणार. मासेमारीचे नियम ठरवताना हा हिशेब धरायलाच हवा.