पहिली केमो इथेच घेऊ की भावाजवळ जाऊन?

पिंपळपान:
नमस्कार. वय ४४, एकटी राहते. डाव्या स्तनात गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. दुसरी स्टेज, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. केमोच्या सहा सायकल, दर २१ दिवसांनी एक. हर-टूचं इंजेक्शन मात्र ऑपरेशननंतरही चालू ठेवून वर्ष पुरं करायचं. रेडिएशन लागलं तर ते वेगळं. म्हणजे हे प्रकरण वर्षभर तरी चालणार, हे फाईल घेऊन नीट बसल्यावर उमजलं.

आई आणि भाऊ-वहिनी रात्रभराच्या प्रवासावर राहतात. भाऊ म्हणतो, सामान बांध, मी न्यायला येतो. वहिनीनेही त्याच्या हातून फोन घेऊन तेच सांगितलं, आणि ती तोंडदेखलं बोलणारी बाई नाही. तिथेही कॅन्सरचं चांगलं हॉस्पिटल आहे. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली, तीही चिंता मिटली. तरी मन घेत नाही. इथे माझं घर, माझ्या ओळखीचे डॉक्टर. तिथे भाचा शाळेत जाणारा, सदा नाक गळणारा. आणि आई. माझे केस गळताना तिने रोज बघायचं, हे मला सोसणार नाही. इथे राहिले तर निदान रडायला तरी मोकळी.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. ‘धीर धरा, सगळं ठीक होईल’ एवढंच नको, कृपा करून.

जुनीविहीर:
ताई, मी बहिणीकडे गेले होते. माझी औषधं वेगळी होती, पण दिवस असेच गेले.

केमोच्या दिवशी सोबत माणूस लागतं असं सगळे धरून चालतात. त्या दिवशी नर्स असतात, सलाईनमधून उलटीची औषधं गेलेली असतात, आपण बऱ्यापैकी उभे असतो. खरं माणूस लागतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं की माझी कंबर आणि मांडीची हाडं आतून ठणकायची. कमोडवरून उठताना भिंत धरावी लागायची. बहिणीने बाथरूमला आतून कडी लावायची नाही असं बजावलं होतं आणि ती बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसायची, उगाच, त्याच त्या कपड्यांच्या. आत काही पडल्याचा आवाज आला की ‘ठीक आहेस ना गं?’ एवढंच. हे मैत्रिणीकडून रोज करवून घेता आलं नसतं.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी सर्वांत खाली जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला तर मध्यरात्रीसुद्धा हॉस्पिटलला फोन करून निघायचं. परस्पर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

डेकेअर_सिस्टर:
केमोच्या डे-केअरमध्ये काम करते, म्हणून कामाचं तेवढं सांगते. जायचं असेल तर पहिल्या सायकलआधी जा. मध्येच हॉस्पिटल बदलता येतं, पण आधी केमो असेल तेव्हा जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्याने गाठ मूळ आकारात हाताने तपासलेली बरी. हर-टूच्या औषधांनी गाठ कधीकधी इतकी विरघळते की नंतर ती होती कुठे हेच सापडत नाही. म्हणून केमोच्या आधी किंवा सुरुवातीलाच सोनोग्राफीत बघून गाठीत धातूची बारीकशी क्लिप सोडतात. तुमच्यात सोडली आहे का, विचारा.

बायोप्सीचे नुसते रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजीत अर्ज देऊन गाठीचा तुकडा मेणात जपलेले ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तिथले डॉक्टर पुन्हा तपासायला मागतातच. स्कॅनची फिल्म पुरत नाही, सीडी घ्या. हृदयाचा टूडी इको झाला असेल तर तोही, कारण हर-टूच्या इंजेक्शनमध्ये तो अधूनमधून पुन्हा करतात आणि पहिल्याशी ताडून बघतात. तिथल्या डॉक्टरांची वेळ मात्र निघायच्या आधीच घ्या. या घोळात आठवड्यांमागून आठवडे घालवू नका.

भाच्याला दूर ठेवायची गरज नाही. बाहेरून आला की साबणाने हात, सर्दी असेल तर तेवढे दिवस त्याची झोपायची खोली वेगळी. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर उत्तम. तुमची कधी घ्यायची ते डॉक्टर सांगतील.

धाकटादादा:
मी भावाच्या बाजूने लिहितो. माझी बहीण आमच्याकडे होती. ‘तुला काय हवं?’ विचारलं की ‘काही नको’. आम्ही तिच्याभोवती नुसते घुटमळायचो, ती चिडायची. मग तिनेच सांगितलं: दार लोटलेलं असेल तर कोणी यायचं नाही, पाहुण्यांना आईने फोनवरच थोपवायचं, हॉस्पिटलात वहिनी येईल, तू नको, तू डॉक्टरांशी वाद घालतोस. त्यानंतर घर सुरळीत झालं. तुम्ही हे जायच्या आधीच सांगून टाका.

आई रडेलच. आमची आई पहिले काही दिवस देवघरातून उठत नव्हती. बहिणीने तिला थर्मामीटर दिला आणि सकाळ-संध्याकाळ ताप वहीत मांडायचं काम सोपवलं. आईने रेघा मारून रकाने पाडले. ती वही डॉक्टरही मागून घ्यायचे. लांब राहिलात म्हणून आईचं रडणं थांबणार नाही ताई, फक्त तुम्हाला दिसणार नाही.

कडुलिंब:
माझं मत थोडं वेगळं. मी गेले नाही आणि मला ते मानवलं. माझ्या माहेरी प्रत्येकाकडे एकेक औषध आणि एकेक बाबा होता, मला भांडायचं बळ नव्हतं. इथे शेजारीण आणि दोन मैत्रिणींनी पाळ्या लावून केलं. पण तुमच्या वहिनीबद्दल जे लिहिलंय ते वाचून, तुमच्या जागी असते तर गेले असते.

पिंपळपान:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनच्या गाडीचा विचार केला आणि इथलं एकही नाव खात्रीने पुढे आलं नाही. जातेय. भावाला तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली, ब्लॉकसाठी अर्ज दिला. वहिनीला दाराचं आणि पाहुण्यांचं सांगितलं, ती म्हणाली, पाहुण्यांचं माझ्यावर सोडा. आईशी केसांबद्दल अजून बोलले नाहीये.

सिस्टर, क्लिप सोडलेली नाही. ती आणि छातीतला पोर्ट, म्हणजे केमो सोडायला कातडीखाली बसवतात ती डबी, इथेच करून घेऊ का? डॉक्टर तयार आहेत.

डेकेअर_सिस्टर:
पोर्ट तिथेच बसवा. जे तो वर्षभर वापरणार आणि धुणार त्यांनीच बसवलेला सोयीचा. क्लिपचंही तिथल्या सर्जनने गाठ बघितल्यावर होऊ दे, पण पहिल्या भेटीत तुम्ही स्वतः विषय काढा. आणि केसांचं आईला पहिल्या सायकलआधीच सांगा. दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, तेव्हा सांगायला वेळ मिळत नाही.