मदत हवी आहे: गिटारच्या नेकला (मानेजवळ) कोणता हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग) बसवावा?

गिटार महोगनी बॉडीची, स्केल 24.75 इंच, पॉट (आवाज-टोनची बटणं) 500 के (किलोओहम). ब्रिजच्या पिकअपचा चुंबक अल्निको 5, रेझिस्टन्स 8.2 के, तो ठेवायचाच आहे. अडचण नेकच्या सिरॅमिक चुंबकाच्या हंबकरची. अ‍ॅम्पचा गेन वाढवला की जाड तारा गढूळ वाजतात. पिकअप खाली घेऊन पोलचे स्क्रू वर काढले. गढूळपणा कमी झाला, पण आवाजही दबला.

आता 7.5 केच्या आसपासचा घ्यायचाय. (नुसत्या रेझिस्टन्सवरून आउटपुट ठरत नाही, मान्य.) अल्निको 2 मऊ वाजतो, पण त्याचा बास सैल पडेल का? की इथेही अल्निको 5च बरा? कॉइल स्प्लिटसाठी (एकच कॉइल वाजवण्यासाठी) चार वायरींचाच हवा. शिवाय ब्रिजशी फेज उलटी निघाली (दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना आवाज पोकळ आला), तर धातूचं कव्हर हॉट न होता (सिग्नलच्या वायरला न जोडलं जाता) वायरी अदलाबदल करता येतील. दोन्ही चुंबक वापरलेल्यांनी सांगा.