जावात रेजेक्स म्हणजे आळशीपणा? मग पिनकोडसाठी तीन क्लास लिहा!

तिरसट_तात्या:
काल जुनाटजावा यांनी ठणकावलंय, "जावासारख्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत रेजेक्स म्हणजे आळशीपणा. क्लास लिहा." (रेजेक्स म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का, हे तपासणारा छोटासा सांकेतिक पॅटर्न.) वाचता वाचता चहा गार झाला. पिनकोड तपासायला काय लागतं? सहा अंक, पहिला शून्य नको. आमच्या जुन्या टीममधल्या एका महाशयांनी एवढ्यासाठी इंटरफेस, त्याचा क्लास आणि वर एक फॅक्टरी, म्हणजे कोडच्या तीन फायली, उभ्या केल्या. उघडून बघतो तर आत अंक एकेक करून तपासणारा एक फॉर लूप!

आणि रेजेक्स म्हणजे ऑब्जेक्ट नव्हे, हे कुणी सांगितलं? २००२ पासून, म्हणजे जावा १.४ आल्यापासून, पॅटर्न आणि मॅचर हे क्लासच आहेत. पॅटर्न एकदा कंपाइल करून (वापरायला तयार करून) स्टॅटिक फायनल, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच आणि न बदलणारा, ठेवा, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) कितीही असोत. मॅचर मात्र ज्याचा त्याचा. लोक लूपमध्ये स्ट्रिंगचं मॅचेस() बोलावतात, दर फेरीला पॅटर्न नव्याने कंपाइल होतो, आणि बोंब काय, तर रेजेक्स हळू.

जुनाटजावा:
नाव घेतलंत, आता ऐका. एक बॅकस्लॅश शोधायला चार लिहायचे, हा कोड की रांगोळी? टेक्स्ट ब्लॉक (अनेक ओळींचा मजकूर लिहायची जावातली सोय) आले तरी तेच. आमच्या नव्या पोराने आयपी पत्ता टिंबापाशी तोडायला स्प्लिट(".") लिहिलं, हातात रिकामा अ‍ॅरे. रेजेक्समध्ये टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. प्लसच्या (‘एक किंवा जास्त वेळा’ या खुणेच्या) पोटात प्लस घातल्यावर सर्व्हर कसा बसतो, तेही रात्री दीड वाजता पाहिलंय. जुलै २०१९ मध्ये वेबसाइटींची वाहतूक सांभाळणारं क्लाउडफ्लेअर एका रेजेक्सपायी २७ मिनिटं आडवं झालं. तुमचं स्टॅटिक फायनल तिथे काय दिवे लावणार होतं?

भोचकभवानी:
तुमचं चालू द्या. मी परवा एका फॉर्मवर आईचं नाव मराठीत भरत होते. कमला. तर म्हणे, "कृपया फक्त अक्षरे लिहा." शेजारच्या कमलकाकूंचं मात्र बिनबोभाट गेलं!

अर्धवटराव:
ताई, त्यांनी रेजेक्समध्ये पी एल लावलं असणार, म्हणजे फक्त लेटर. काना-मात्रा युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या जागतिक यादीत) लेटर नाहीत, मार्क आहेत. क, म, ल पास, काना नापास. सोबत पी एम, म्हणजे मार्क, घातलं की सुटलं.

भोचकभवानी:
सुटलं म्हणे! आमचं आडनाव कऱ्हाडे. एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला सारखंच. तो झेडडब्ल्यूजे ना लेटर, ना मार्क. नॉर्मलाइज (मजकूर एकाच रूपात आणणं) करूनही जात नाही. बसा आता.

जुनाटजावा:
बघा! म्हणून म्हणतो, क्लास लिहा.

तिरसट_तात्या:
अहो, त्या क्लासात काय लिहाल? कॅरेक्टरचं इजलेटर(), म्हणजे ‘हे लेटर आहे का?’, हेच ना? तेही कान्याला फॉल्सच देतं. म्हणजे कमलाबाई तुमच्या फॅक्टरीतही नापास, फक्त तीन फायली फिरून.

जुनाटजावा:
बरं, पिनकोडपुरतं तुमचं खरं. पेढे वाटा. पण ईमेलचा तो हातभर पॅटर्न माझ्याकडे रिव्ह्यूला आणलात तर याद राखा.

अर्धवटराव:
ईमेलला मध्ये @ आहे का एवढं बघावं आणि सरळ मेल पाठवून द्यावी.

भोचकभवानी:
ते राहू दे. आईचा फॉर्म कसा भरू?

अर्धवटराव:
कमल लिहा ना.

भोचकभवानी:
आणि आधारवर कमला आहे त्याचं काय?