मेडिकल प्रवेशाच्या मुलाखतीतून नक्की काय कळतं?

प्रश्न: नीटचे गुण हाताशी असताना मुलाखत कशाला? पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ती आजही होते. चांगला डॉक्टर त्यातून ओळखता येतो का?

उत्तर १: गप्पावजा मुलाखतीतून तरी नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली मुलाखती घेऊन १५० जणांची निवड झाली आणि मग विधिमंडळाने जागा २०० केल्या. आधी नाकारलेल्यांतून ५० जण घ्यावे लागले. पुढे परीक्षा, वॉर्डातलं काम, पदवीनंतरचं पहिलं वर्ष, कुठेच दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही!

उत्तर २: म्हणून तर कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू), म्हणजे एकाऐवजी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत आणली. साधारण दहा खोल्या, प्रत्येकीत एक परीक्षक. दाराबाहेर प्रसंग वाचायला २ मिनिटं, आत ८ मिनिटं. समजा, दारावर लिहिलंय: ‘गाडी मागे घेताना शेजाऱ्याची सायकल चेपली, त्याला जाऊन सांगा.’ आत शेजारी म्हणून नट बसलेला. मुलगा आधी कबुली देतो की सबबी सांगतो, ते लगेच दिसतं. एक खोली बिघडली तरी बाकीच्या नऊ सावरतात. परीक्षक जास्त असतील तर एकाच खोलीत दोघे बसवू नका, खोल्या वाढवा. गुणांची विश्वासार्हता त्यानेच वाढते. आणि गुण भरण्याआधी परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही.

उत्तर ३: गुणपत्रिकेत ‘आत्मविश्वास’ हा रकाना ठेवू नका. त्यात फाड फाड इंग्रजीला गुण पडतात आणि मराठी माध्यमाची मुलं मागे राहतात. ‘समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतलं का?’ असं ठेवा.